सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेताना ब्राउझरमधली पाथ ट्रेसिंग टेस्ट पुरते का?

निनाद_क (धागाकर्ता) | मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करतो (मॉडेलवरून चित्र काढतो) आणि घरच्या पीसीला आता कार्ड हवंच आहे. धनकवडीत एक काका त्यांचं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं, विकतायत. तीन वर्षं वापरलंय, बिल आहे, वॉरंटी संपलीय. काल बघून आलो. माणूस सज्जन वाटला, पण पीसी त्यांच्या कामाचा आहे. "इन्स्टॉल काही करू नकोस बाळा, ब्राउझरमध्ये काय बघायचं ते बघ," म्हणाले. मला ते रास्तच वाटलं.

म्हणून ब्राउझरमध्येच चालणारी पाथ ट्रेसिंग टेस्ट (प्रकाशकिरणांचा माग काढत चित्र बनवते ती) उघडली. तीच ती खोली: डावी भिंत लाल, उजवी हिरवी, आत दोन पांढरे ठोकळे. आधी सगळं चित्र रव्यासारखं, मग हळूहळू निवळत जातं. कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ६०. खूश झालो. येताना कर्वेनगरला मित्राकडे थांबलो आणि त्याच्या जीटीएक्स १६५० वर तीच टेस्ट लावली. तिथेही ६०!

१६५० मध्ये ८९६ कुडा कोर (कार्डातली गणितं करणारी छोटी युनिट्स), ३०६० मध्ये ३५८४, म्हणजे बरोबर चौपट. मग आकडा सारखा कसा? टेस्ट खोटी की कार्ड? शनिवारी परत जायचंय. पैसे दोन वर्षं सुट्टीत कामं करून साठवलेत, त्यामुळे चूक परवडणार नाही.

बिटबाय | मंगळवार, रात्री १०:३१

टेस्टही खरी, कार्डही खरं. ६० हा तुझ्या मॉनिटरचा आकडा आहे.

ब्राउझर पानाला "आता पुढची फ्रेम काढ" असं सांगतो ते स्क्रीनच्या रिफ्रेशच्या तालावर. ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर सेकंदाला ६० वेळाच बोलावणं येतं. १६५० ने काम कसंबसं वेळेत उरकलं, ३०६० ने उरकून उरलेला वेळ बसून काढला. दोघांची हजेरी सारखीच लागली.

टेस्टच्या सेटिंगमध्ये "एका फ्रेममागे किती सॅम्पल" असं काहीतरी असेल (सॅम्पल म्हणजे दर पिक्सेलमागे सोडलेला एक किरण). ते १ वरून १६ कर. एफपीएस ६० च्या बऱ्यापैकी खाली आलं पाहिजे. मग एफपीएस गुणिले सॅम्पल, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल, तो आकडा धर.

निनाद_क | मंगळवार, रात्री ११:०५

मित्राला फोन करून लगेच करायला लावलं. १६ सॅम्पलवर १६५० ला ११ एफपीएस, म्हणजे सेकंदाला १७६. आता शनिवारी ३०६० चा बघतो. चौपट धरू का, ७०० च्या आसपास?

जुना_हार्डवेअरवाला | बुधवार, सकाळी ७:४८

मी वीस वर्षं मशीन जोडतोय, म्हणून स्पष्ट सांगतो. ब्राउझरमध्ये कार्डाचं मोजमाप होत नाही. विंडोजवर क्रोम तुमचं वेबजीएल (पानाने ग्राफिक्स कार्डाला काम सांगायची पद्धत) सरळ ड्रायव्हरला देत नाही. मध्ये अँगल नावाचा थर बसतो, तो त्याचं विंडोजच्या डायरेक्ट३डी ११ मध्ये भाषांतर करतो. त्यावर सुरक्षेच्या तपासण्या. वर २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या स्पेक्टर या सुरक्षा-दोषाचं प्रकरण झाल्यापासून ब्राउझरमधली घड्याळं मुद्दाम भोंगळ ठेवलीत. इतक्या गाळण्यांतून आलेल्या आकड्यावर कष्टाचे पैसे लावू नकोस. ब्लेंडरचा स्वतःचा बेंचमार्क आहे, तोच चालव. मालक चालवू देत नसेल तर कार्ड सोड.

मृण्मयी_रेंडर | बुधवार, सकाळी ९:२०

दादा, तुमचा अनुभव मोठा आहे, पण इथे मला पटत नाही. भाषांतर होतं ते शेडर (कार्डावर चालणारा छोटा प्रोग्रॅम) कंपाइल होताना, टेस्टच्या सुरुवातीला. (म्हणूनच पहिले काही सेकंद पान अडकल्यासारखं वाटतं. तो वेळ मोजायचा नाही.) एकदा शेडर कार्डावर चढला की एका फ्रेममध्ये लाखो किरणांचं काम कार्डच करतं, ब्राउझर फक्त "चल" म्हणतो. काम जितकं जड, तितका मधल्या थरांचा वाटा कमी. आणि घड्याळ भोंगळ आहे ते मिलिसेकंदाच्या पातळीवर. आपण दहा मिनिटांची सरासरी काढतोय, तिथे त्याने काय बिघडणार?

तरी निनाद, एक गोष्ट नीट समजून घे, कारण तू ब्लेंडरसाठी घेतोयस. मी बाणेरला आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझेशनच करते, रोजचा संबंध आहे. आरटीएक्सच्या नावातलं आरटी म्हणजे किरण कुठल्या त्रिकोणावर आदळला ते शोधणारे वेगळे कोर. २०१८ च्या आरटीएक्स २०८० पासून ते आले. वेबजीएलमधून त्या कोरपर्यंत पोचायची वाटच नाही. त्याच्यानंतरचं वेबजीपीयू २०२३ मध्ये क्रोम ११३ बरोबर आलं, त्याच्या स्टँडर्डमध्येही नाही. म्हणजे ब्राउझरमधली टेस्ट ती सगळी शोधाशोध साध्या शेडर कोरकडून हातांनी करून घेते, आरटी कोर तोवर रिकामे. ब्लेंडरच्या सायकल्स रेंडररला ऑप्टिक्स (आरटी कोर वापरणारा पर्याय) लावलंस की ते कामाला लागतात. १६५० ला तर ते नाहीतच. तेव्हा ब्राउझरमध्ये दोघांत जे अंतर दिसेल, त्याहून जास्त अंतर तुला प्रत्यक्ष कामात मिळेल.

बिटबाय | बुधवार, सकाळी ९:५२

+१. आणि निनाद, ७०० ची आशा धरू नकोस. १६५० मध्ये १४ एसएम (कोरचे गट), दर एसएममध्ये ६४ कोर. ३०६० मध्ये २८ एसएम, दर एसएममध्ये १२८. पण त्या १२८ मधले ६४ दुहेरी कामाचे आहेत, कधी दशांशी गणित, कधी पूर्णांकी. पाथ ट्रेसरमध्ये रँडम आकडे काढायला पूर्णांकी गणित भरपूर लागतं, तेवढा वेळ ते ६४ तिकडे गुंततात. १६५० मध्ये पूर्णांकी कामाला माणसं वेगळी होती. म्हणून कागदावर चौपट, प्रत्यक्षात अडीच-तीनपट. ४५० ते ५०० आलं तर पेढे वाट.

चहाबाज | बुधवार, सकाळी १०:०३

पेढ्यांच्या वेळी धागा वर काढा, मी धनकवडीतच राहतो.

वाकडचा_वाटसरू | बुधवार, दुपारी १:१५

हे वाचून माझ्या लॅपटॉपवर टेस्ट लावली. आरटीएक्स ४०६० आहे आणि १६ सॅम्पलवर ७ एफपीएस! म्हणजे निनादच्या मित्राच्या १६५० पेक्षा कमी. लॅपटॉप सहा महिन्यांचा आहे हो. सर्व्हिस सेंटरला नेऊ का?

बिटबाय | बुधवार, दुपारी १:२२

थांबा, नेऊ नका. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू ० आणि जीपीयू १ असे दोन दिसतील. टेस्ट चालू असताना कुठला चढतोय?

वाकडचा_वाटसरू | बुधवार, दुपारी १:४०

शून्य. इंटेलचा.

मृण्मयी_रेंडर | बुधवार, दुपारी १:४६

तेच. बॅटरी वाचवायला विंडोज ब्राउझरला प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालवतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स. तिथे क्रोम निवडा, हाय परफॉर्मन्स करा, क्रोम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. चार्जर लावलेला हवा. बॅटरी कमी असली की क्रोमचा एनर्जी सेव्हर स्वतःहून फ्रेम कमी करतो.

वाकडचा_वाटसरू | बुधवार, दुपारी २:१०

३४ एफपीएस! ताई, खूप धन्यवाद. सहा महिने हे कार्ड ब्राउझरपुरतं झोपलेलंच होतं म्हणायचं. आता आजच्या कामाला लागतो, उद्या गुरुवार, आमच्याकडे दुपारपर्यंत वीज नसते.

सिंहगडरोडकर | बुधवार, संध्याकाळी ६:३०

एक सापळा कोणी सांगितला नाही, तो सांगतो, कारण मी त्यात दोन दिवस अडकलो होतो. विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग. १५०% असेल आणि टेस्ट त्याप्रमाणे कॅनव्हास मोठा करत असेल, तर लांबी दीडपट, रुंदी दीडपट, पिक्सेल सव्वादोनपट. तेच कार्ड, तोच मॉनिटर, आणि आकडा निम्म्याहून खाली. दोन पीसींची तुलना करायची तर टेस्टमध्येच रिझोल्यूशन पक्कं करा, १९२० बाय १०८०. तो पर्याय नसेल तर दोन्हीकडे स्केलिंग आणि ब्राउझरचा झूम १००% करा.

आणि पॅरामीटरही तेच हवेत. किरणाच्या उसळ्या (तो किती वेळा आदळून पुढे जातो) इथे ४ आणि तिथे ८ असतील तर आंबा आणि फणसाची तुलना होईल.

गणिताची_वही | बुधवार, रात्री ९:१०

मी कॉलेजला संख्याशास्त्र शिकवते. ग्राफिक्स कार्डातलं काही कळत नाही, पण लेकीने हा धागा दाखवला आणि राहवलं नाही.

तुम्ही सगळे "चित्र निवळतं" म्हणताय, ते निवळतं कसं हे बघण्यासारखं आहे. अंगणात चौकोनी ट्रे ठेवा, त्यात बरोबर मावेल अशी गोल थाळी ठेवा आणि पावसाचे थेंब मोजा. थाळीतल्या थेंबांना एकूण थेंबांनी भागून चारने गुणलं की पाय (π, सुमारे ३.१४) मिळतो. दहा थेंबांत काहीतरीच येतो, हजारात बरा येतो. प्रत्येक पिक्सेल हेच करतोय. खोलीतला प्रकाश कुठून कुठून येतो त्याचं नेमकं उत्तर काढता येत नाही, म्हणून यादृच्छिक दिशांना किरण सोडून सरासरी घ्यायची. जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये हे समीकरण मांडलं आणि ते सोडवायला पाथ ट्रेसिंगही त्याच लेखात दिलं. अशी रंगीत भिंतींची खोली त्याच्याही आधीची, कॉर्नेल विद्यापीठातली, १९८४ ची. पांढऱ्या ठोकळ्याच्या डाव्या अंगाला बारकाईने बघा, फिकट लाली दिसेल. ती कोणी रंगवलेली नाही, भिंतीवरून उसळून आलेला प्रकाश आहे तो. मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा वर्गात जाऊन सांगावंसं वाटलं.

तुमच्या कामाचा मुद्दा असा: चूक सॅम्पलच्या वर्गमुळाने कमी होते. रवाळपणा निम्मा करायला चौपट सॅम्पल लागतात. कार्ड दुप्पट वेगवान असेल तर तेवढ्याच वेळात रवाळपणा जेमतेम ३०% कमी होतो. म्हणून दोन चित्रं शेजारी ठेवून "हे काही दुप्पट छान दिसत नाही" असं म्हणू नका. डोळ्यावर जाऊ नका, आकडा बघा.

निनाद_क | बुधवार, रात्री ९:३८

मॅडम, हे इतक्या सोपेपणाने मला कोणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. ती लाली आत्ताच पाहिली, खरंच आहे!

बिटबाय | बुधवार, रात्री ९:४५

मॅडम, इथे येत जा. ब्राउझरमधल्या या प्रकाराचा सुरुवातीचा गाजलेला नमुना एव्हन वॉलेसचा, तोच पुढे फिग्माचा सहसंस्थापक झाला. त्यातही हीच खोली होती.

जुना_हार्डवेअरवाला | गुरुवार, सकाळी ८:०५

मृण्मयीताईंचं वेगाबाबत मान्य करतो. काल रात्री माझ्याकडच्या दोन कार्डांवर ब्राउझर आणि बाहेर, दोन्ही करून पाहिलं. क्रम तोच आला. पण माझी खरी काळजी वेगळी आहे, ती आता नीट मांडतो. वापरलेल्या कार्डात मेमरी सडते. आणि ही टेस्ट मेमरीला हातच लावत नाही. हिशोब करा. १९२० बाय १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल, प्रत्येकाला १६ बाइट, म्हणजे ३३ एमबी. असे दोन बफर आलटूनपालटून, म्हणजे ६६. सीनचं थोडंफार धरा. १२ जीबीतला हा कोपराही नाही. उरलेल्या मेमरीत काय दडलंय ते टेस्ट कशी सांगणार?

मृण्मयी_रेंडर | गुरुवार, सकाळी ८:४०

हे मात्र शंभर टक्के बरोबर, आणि मी ते सांगायला हवं होतं. निनाद, काकांना विचार, आपल्याकडे कार्ड लावून दोन दिवसांत मेमरी तपासतो, खराब निघाली तर परत घ्याल का? ओसीसीटी या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीरॅमची (कार्डाच्या मेमरीची) वेगळी टेस्ट आहे, ती घरी चालव.

जुना_हार्डवेअरवाला | गुरुवार, सकाळी ८:५५

आणि शनिवारी आकडा एकदाच बघून उठू नकोस. वीस मिनिटं चालू ठेव. दर मिनिटाला वहीत आकडा आणि टास्क मॅनेजरमधलं तापमान लिही, त्याला काही इन्स्टॉल करावं लागत नाही. टॅब बदलू नकोस, मागे गेलेल्या टॅबचं काम ब्राउझर थांबवतो. पहिल्या मिनिटाला सगळीच कार्डं तरुण असतात. दुपारी जा, रात्रीच्या गारव्यात नको.

निनाद_क | शनिवार, दुपारी ३:२६

काकांकडेच आहे. घाईत लिहितोय. १६ सॅम्पलवर ३० एफपीएस, ४८० आलं! मग जोरात बघावं म्हणून सॅम्पल एकदम २५६ आणि उसळ्या ३२ केल्या, तर स्क्रीन काळी पडली, परत आली, आणि पानावर "कॉन्टेक्स्ट लॉस्ट". काका पण घाबरलेत. कार्ड गेलं का?

बिटबाय | शनिवार, दुपारी ३:२९

नाही नाही. घाबरू नका, काकांनाही सांग. विंडोजचा नियम आहे, कार्ड दोन सेकंद उत्तर देईना तर ते अडकलं असं समजून ड्रायव्हर रीसेट करतं. तू एकाच घासात इतकं काम भरवलंस की दोन सेकंदांत संपलंच नाही. चांगल्या कार्डावरही असंच होईल. पान रिफ्रेश कर, १६ वर ये, उसळ्या आधीएवढ्या कर आणि वीस मिनिटांचं घड्याळ लाव.

सिंहगडरोडकर | शनिवार, दुपारी ३:३३

आणि चित्रात पांढरे चमकणारे ठिपके दिसले तर त्यानेही दचकू नकोस. ते मंद होत होत जातात. वाईट लक्षण म्हणजे चौकटीचौकटींचे डाग, आडव्या रेघा, जागा बदलणारे रंगीत तुकडे. तसं काही दिसलं तर मात्र चहा पिऊन निघ.

निनाद_क | शनिवार, रात्री ८:५०

घरी आलो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात.

वहीतलं जसंच्या तसं: पहिलं मिनिट ४८०, तापमान ६१. सहावं ४५६, तापमान ७८. नववं ४१६, तापमान ८४. बाराव्या मिनिटाला ३६८ आणि ८६, मग तिथेच रेंगाळलं. डाग-रेघा काही नाहीत, चित्र स्वच्छ. पण पाव हिस्सा वेग गेला.

दादांचं वाक्य डोक्यात होतं म्हणून काकांना विचारून बाजूचं झाकण काढलं. मोबाइलचा टॉर्च मारला. दोन पंख्यांपैकी डावा गरगरत होता आणि उजवा जागेवर थरथरत होता, अर्धा इंच पुढे, अर्धा इंच मागे. फिरतच नव्हता. मागच्या जाळीत धुळीचा नमदा बसलेला. काका माझ्याएवढेच चकित झाले, त्यांना खरंच माहीत नव्हतं. "माझं काम एक्सेलचं, पोरगा गेला बंगळूरला, मग कार्डावर लोड येतोय कुठे," म्हणाले. त्यांनी आपणहून दोन हजार कमी केले आणि मेमरी खराब निघाली तर आठवड्यात परत घेईन असं बिलाच्या मागे लिहून सही करून दिली. घेतलं.

चहाबाज | शनिवार, रात्री ९:०१

काका भला माणूस. अभिनंदन!

जुना_हार्डवेअरवाला | शनिवार, रात्री ९:१५

शाबास. पंखा तापकीर गल्लीत मिळेल. जुना काढून सोबत ने, पंख्याची मापं आणि पिना जुळायला हव्यात. चिपवरची थर्मल पेस्ट बदल, आणि मेमरीवरचे थर्मल पॅड फाटले तर त्याच जाडीचे घे. जाड पॅड बसवलास तर हीटसिंक चिपवर टेकणार नाही.

निनाद_क | पुढचा शनिवार, सकाळी ११:३०

पंखा मिळाला, तिसऱ्या दुकानात. पेस्ट बदलली, धूळ काढली, पॅड शाबूत होते. ओसीसीटीची मेमरी टेस्ट दोनदा, चूक शून्य. मग तीच ब्राउझरची टेस्ट, १९२० बाय १०८०, १६ सॅम्पल, दुपारी दोन वाजता, खोलीतला पंखा बंद ठेवून: पहिल्या मिनिटाला ४८०, विसाव्याला ४७२, तापमान ६९.

आणि मृण्मयीताई, कॉलेजच्या ग्रंथालयाचा माझा सीन सायकल्समध्ये कुडावर (आरटी कोरशिवाय) आणि मग ऑप्टिक्सवर लावून पाहिला. तुम्ही सांगितलेलं अंतर डोळ्यासमोर आलं.

वाकडचा_वाटसरू | पुढचा शनिवार, दुपारी १२:१०

निनाद, माझा भाचा पण सेकंडहँड बघतोय. धाग्यात विचारलेल्या प्रश्नाचं तुझं उत्तर आता काय? पुरते का ही टेस्ट?

निनाद_क | पुढचा शनिवार, दुपारी १२:२५

मालकाच्या घरी वीस मिनिटांसाठी पुरते, वही हातात असेल तर. मेमरी घरी तपासायची, आणि ती परतीची ओळ आधी लिहून घ्यायची. भाच्याला टॉर्च न्यायला सांगा.

चहाबाज, पेढे आणलेत. संध्याकाळी काकांकडे द्यायला येतोय, शंकर महाराज मठापाशी भेटाल का?